संमेलन, शहर आणि घरची वही

आमच्या खानदेशातला माणूस मोठ्या शहरात नुसते शहर पाहायला म्हणून सहसा जात नाही. त्याला निमित्त लागते. मुलाची मुलाखत, आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन, कोर्टाची तारीख, पुतण्याचे लग्न असे एखादे ठोस कारण हाताशी असले म्हणजे तो निःशंक मनाने गाडीत बसतो. ‘फिरायला चाललो’ असे सांगताना मात्र त्याची जीभ अडखळते. पैसा आणि दिवस उगाच उधळल्यासारखे त्याला वाटते. बायकांची अडचण तर त्याहून मोठी. घरातल्या चार माणसांच्या जेवणाची सोय लागल्याशिवाय त्यांचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि ती सोय लागेपर्यंत गाडी निघून गेलेली असते.

साहित्य संमेलन हे या दृष्टीने फार सोयीचे निमित्त आहे. त्यात पुण्यही आहे आणि पर्यटनही. वारीला निघालेल्या माणसाला ‘कशाला चाललास?’ असे कोणी विचारत नाही, तसेच संमेलनाला निघालेल्यालाही विचारत नाही. २०२५च्या फेब्रुवारीत, २१ ते २३ या तीन दिवसांत, दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियमवर ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आमच्या भागातली बरीच मंडळी अशीच निघाली. धुळ्याकडच्यांनी चाळीसगावला येऊन गाडी पकडली, जळगावकर आपल्याच स्टेशनातून बसले. भुसावळ मागे पडेपर्यंत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याच्या बाटल्या बाहेर आल्या होत्या.

दिल्लीचे आणि खानदेशचे या बाबतीतले नाते जुने आहे. दिल्लीत पहिले मराठी साहित्य संमेलन १९५४ साली भरले. त्याचे अध्यक्ष होते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, आणि तर्कतीर्थांचा जन्म धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा. त्याआधी दोनच वर्षे, १९५२ साली, अमळनेरला कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झाले होते. योगायोग असा की यावेळीही आधी अमळनेर आणि मग दिल्ली असाच क्रम लागला. ९७वे संमेलन २०२४च्या फेब्रुवारीत अमळनेरला, प्रताप महाविद्यालयाच्या आवारात, रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली झाले. १९३६ साली जळगावला माधव जूलियन, १९४४ साली धुळ्याला मामा वरेरकर, १९८४ साली पुन्हा जळगावला शंकरराव खरात, अशी आमच्याकडच्या संमेलनांची परंपरा सांगता येते. म्हणजे पाहुणचार करणे आम्हाला नवे नाही. पण पाहुणे म्हणून जाणे, तिथे नीट वावरणे आणि परत येताना काही घेऊन येणे, ही कला वेगळी आहे. ती आम्हाला साधली आहे का, हा माझा प्रश्न आहे.

शहर कसे पाहावे, यापासूनच सुरुवात करू. माझी सारी उमेद बँकेच्या बदलीच्या नोकरीत गेली. नव्या गावी रुजू झालो की पहिल्या रविवारी गाव पायी फिरायचे, असा माझा रिवाज होता. सकाळी एसटी स्टँड, दुपारी भाजीबाजार, संध्याकाळी सराफ बाजार. भाजीबाजारात गावाची रोजची कमाई दिसते. सराफ बाजारात गावाची शिल्लक दिसते. आणि स्टँडवर गावाला कशाची उणीव आहे ते दिसते, कारण जे गावात मिळत नाही त्यासाठीच माणसे बाहेरगावची गाडी पकडतात. शाखेतल्या खतावणीतून सहा महिन्यांनी जे कळायचे, ते अशा एका रविवारात निम्मे कळून जाई.

दिल्लीलाही हाच रिवाज लावून पाहावा असे वाटले. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट हे सगळे आहेच. ते पाहिलेच पाहिजे. तालकटोऱ्याच्या परिसरात १७३७ साली पहिल्या बाजीरावाची फौज येऊन धडकली होती, हेही मराठी माणसाला तिथे उभे असताना आठवणारच. पण इतिहासाची जागा पाहून शहर कळत नाही. शहर कळते ते तिथली माणसे सकाळी काय खातात, कामाला कशी जातात, कुठे भांडतात आणि कुठे रांगेत निमूट उभी राहतात, यावरून.

आमच्या सोबत पारोळ्याकडच्या एक ताई होत्या. वय साठीच्या आसपास, शिक्षण सातवीपर्यंत, वाचनाचा नाद भारी. त्यांच्या पिशवीत खतांच्या दुकानाची फुकट मिळालेली एक छोटी डायरी होती. दिल्लीत दिवसभर फिरताना त्या मधूनच थांबून त्या डायरीत काहीतरी टिपत. शनिवारी आम्ही चांदणी चौकातून खारी बावलीला गेलो. मसाल्यांचा तो प्रचंड बाजार. मिरचीच्या खाटाने सगळेच शिंकत होते. ताई मात्र एका दुकानासमोर उभ्या राहून लाल मिरचीची पोती निरखत होत्या. नंदुरबारच्या बाजारातली मिरची पाहत जन्म गेलेल्या बाईची ती नजर! दुकानदाराला त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत मिरचीचे गाव विचारले, भाव विचारला, देठ काढून विकता की देठासकट, तेही विचारले. दुकानदार आधी वैतागला, मग खुलला, शेवटी त्याने स्वतःच स्टूल पुढे केले.

परतीच्या गाडीत ती डायरी मला पाहायला मिळाली. तिच्यात काय होते? मेथीच्या जुडीचा भाव. चहाच्या कुल्हडाचा आकार, आणि तो फेकून देताना जिवाला कसे लागते ते. मेट्रोचा पहिला डबा बायकांचा असतो, आणि त्यात एक मुलगी उभ्या उभ्या डोळ्यांत काजळ घालत होती, डबा हलला तरी तिचा हात हलला नाही, ही नोंद. दिल्लीच्या बसमध्ये बायकांना गुलाबी तिकीट मिळाले, पैसे पडले नाहीत. आपल्याकडे एसटीत २०२३ पासून अर्धे तिकीट, हा ताळा. पराठे तुपात तळतात, भाजत नाहीत, म्हणून पराठा म्हणजे आपल्या लेखी पुरीच, हा निकाल. आणि एका ओळीत एवढेच, की इथे कोणी कोणाला ‘जेवलात का?’ असे विचारत नाही.

मी म्हटले, “ताई, हे छापायला हवे.” त्यांनी डायरी ओढून घेतली आणि हसत म्हणाल्या, “हाऊ ते हिसाब शे, भाऊ.” हा तर हिशोब आहे, लिखाण म्हणजे काहीतरी वेगळेच असते, ते मंडपात व्यासपीठावर बसणारे लोक लिहितात, असा त्यांचा ठाम समज.

मला या लेखात जे म्हणायचे आहे, ते या समजाविषयी आहे. मराठीत रोजच्या जगण्याची नोंद कधीच खालच्या पायरीवर नव्हती. आपणच तिला तिथे बसवले.

याच मातीतले दाखले घेऊ. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांची काळजी वाहत होते. त्या काळात ते ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. छापखाना नाही, वर्गणी नाही, जाहिरात नाही. एक माणूस स्वतःच्या हाताने, मूठभर मुलांसाठी रोज लिहितो. पुढे लाखो घरांत पोहोचलेल्या लेखणीचा सराव असा एका वसतिगृहाच्या आवारात झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती आज आपल्या हाती आहेत, कारण गुरुजी ती तिथल्या तिथे उतरवून घेत होते. बोलणारा मोठा होताच. पण लिहून घेणारा नसता तर?

बहिणाबाईंचे तर काय सांगावे! आसोद्याची लेक, जळगावची सून. अक्षरओळख नाही. शेत, जाते, चूल, सण, सासर-माहेर हाच सगळा विषय. त्यांच्या मुखातून आलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या पितांबर चौधरींनी जेवढी टिपली तेवढी उरली. बाकीची त्या त्या दिवसाच्या कामाबरोबर वाऱ्यावर गेली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली पुस्तक निघाले. त्यांना ते पाहता आले नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. २०१८ साली ते दिले गेले. ज्या बाईला शाळेचे दार माहीत नव्हते तिच्या नावाने लोक पदव्या घेतात. या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण अभिमानाबरोबर थोडी धास्तीही वाटायला हवी. एक वही आणि ती लिहिणारी दोन माणसे, एवढ्याच आधारावर हे सारे वाचले. ज्या घरांत अशी वही नव्हती तिथले काय काय गेले असेल?

खानदेशाबाहेरही हेच दिसते. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. तो आपण आजही वाचतो तो लढायांच्या वर्णनासाठी जेवढा, तेवढाच एका गरीब भिक्षुकाच्या डोळ्यांनी पाहिलेल्या जेवणाखाण्यासाठी, कपड्यालत्त्यासाठी, भीतीसाठी. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध झाली. घर चालवणाऱ्या एका बाईने घरच सांगितले, आणि मराठीतले एक श्रेष्ठ आत्मचरित्र झाले. भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’त आमच्या सांगवीकडचा मुलगा पुण्याला नेला, १९६३ साली; त्या मुलाची पुण्याकडे पाहण्याची नजर सांगवीचीच राहिली, म्हणून ते पुणे खरे उतरले.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन उभे राहिले की हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने कळते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे गोळा करत. त्यांचा अंत १९२६ साली धुळ्यातच झाला. अशा दप्तरांत काय असते? बहुतेक हिशोबच! कोणाला किती धान्य दिले, लग्नात किती खर्च आला, बैल केवढ्याला पडला. लिहिणाऱ्याला वाटले आपण जमाखर्च लिहितो आहोत. शे-दोनशे वर्षांनी कळले की तो इतिहास लिहीत होता. तेव्हा ‘हाऊ ते हिसाब शे’ म्हणणाऱ्या ताईंना माझे उत्तर हेच, की हिशोबासारखे प्रामाणिक लिखाण दुसरे नाही. त्यात अलंकाराला जागा नसते आणि खोटे लिहिले तर बेरीज चुकते.

आता कोणी म्हणेल, रोजच्या जगण्यावर लिहिणाऱ्यांची आज काय कमतरता आहे? खरे आहे. हातोहाती मोबाइल आले आणि स्वयंपाक, कपडे, घराची सजावट, मुलांचे संगोपन, सहली या सगळ्यावर लिहिणारी, बोलणारी, दाखवणारी हजारो माणसे तयार झाली. मुंबई, पुणे, दिल्लीत त्यांचे मोठमोठे मेळावे भरतात, चांगल्या हॉटेलांच्या दिवाणखान्यांत भरतात. ‘जीवनशैली’ हा त्यांचा आवडता शब्द. जळगाव-धुळ्याच्या मुली, सुनाही त्यांत हिरिरीने जातात. मला याचे कौतुक आहे. ज्या सुनेला पूर्वी चार माणसांत बोलायची चोरी होती, ती आज शेवभाजी कशी करायची ते हजारो लोकांना ठणकावून सांगते, ही लहान गोष्ट नव्हे.

पण बँकेतल्या माणसाची एक खोड जात नाही. कुठलाही समारंभ पाहिला की पहिला प्रश्न मनात येतो, खर्च कोण करते आहे? या मेळाव्यांचा खर्च बहुतेक वेळा विकणारे करतात. कढया, क्रीम, साड्या, हॉटेले. येणाऱ्याला पिशवीभर भेटवस्तू मिळतात आणि त्या भेटीबरोबर काय चांगले म्हणायचे तेही मिळते. पैसे घेऊन केलेली भलामण ही जाहिरात आहे असे स्पष्ट सांगितले पाहिजे, असा नियम २०२१ साली आपल्या देशातल्या जाहिरात मानक परिषदेने केला. नियम करावा लागला यातच सारे आले. शिवाय सगळ्यांनी एकाच मेळाव्यात एकाच गोष्टी शिकायच्या म्हटल्यावर सगळ्यांची स्वयंपाकघरे एकसारखी दिसू लागतात. तीच पांढरी ताटली, तोच पिवळा दिवा, तेच खोटे आश्चर्य. तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजलेले, लाकडी बडगीत कुटलेले आपले भरीत त्या ताटलीत बसत नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते ज्या कारणाने मिळाले ते कारणच त्या चित्रातून गळून जाते. काड्यांचा धूर चित्रात बरा दिसत नाही, म्हणून गॅस. बडगी जुनाट दिसते, म्हणून मिक्सर. आणि आजी? आजीची बोली लोकांना कळणार नाही, म्हणून आजीने गप्प बसायचे.

इथे मात्र जिवाला लागते. अमळनेर-धुळ्याकडची अहिराणी असो की यावल-रावेरकडची लेवा गणबोली असो, घराघरांतून ती मागे सरते आहे. नातवंडांशी शाळेची भाषा, बाहेर बाजाराची भाषा, आणि आजी-आजोबा एकमेकांशीच काय ते जुने बोलतात. बोली जाते तेव्हा नुसते शब्द जात नाहीत. त्या शब्दांनी ज्या गोष्टी करायच्या त्याही जातात. कळण्याची भाकरी म्हटले की ज्वारी, उडीद, जाते आणि जेवणारी माणसे सगळी एकदम उभी राहतात. तो शब्द गेला की उरते फक्त एक पीठ.

मग साहित्य संमेलने तरी या जगण्याला जागा देतात का? प्रश्न जुना आहे. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. दुसऱ्या सभेचे बोलावणे १८८५ साली महात्मा फुल्यांना गेले, तेव्हा त्यांनी खरमरीत पत्र लिहून येण्याचे नाकारले. कष्टकऱ्यांच्या जगण्याशी या मंडळींचा काही संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे. २०२४ साली अमळनेरला एकाच गावात, एकाच वेळी, एक अखिल भारतीय आणि एक विद्रोही अशी दोन संमेलने झाली, ती त्याच प्रश्नाची आजची रूपे आहेत. दिल्लीच्या संमेलनाच्या अध्यक्ष तारा भवाळकर होत्या, ही मला म्हणूनच फार मोलाची गोष्ट वाटते. या संमेलनाला लाभलेल्या त्या सहाव्या महिला अध्यक्ष. त्यांनी आयुष्य वेचले ते लोकसाहित्यावर, बायाबापड्यांनी जात्यावर, अंगणात, सणावारी जे म्हटले त्यावर. ज्यांना कोणी लेखक म्हटले नाही त्यांच्या शब्दांची वकिली करणारी बाई देशाच्या राजधानीत त्या खुर्चीवर बसली. आमच्या ताईंची डायरी त्या खुर्चीपासून वाटते तितकी दूर नव्हती.

संमेलनाने काय साधते, असे कुत्सितपणे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना जळगावची १९०७ सालची गोष्ट सांगावी. त्या वर्षी आमच्या गावी कवींचे संमेलन भरले. अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकर. तिथे धरणगावला जन्मलेल्या, जेमतेम सतरा वर्षांच्या एका पोराने कविता म्हटल्या आणि अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव मागे पडले, हे नाव राहिले. मेळाव्याचे खरे काम एवढेच आहे. घरात बसून लिहिणाऱ्याला, ‘तू जे करतो आहेस ते आम्ही ऐकले’ असे चार लोकांनी सांगणे. त्यासाठी दिल्लीच लागते असे नाही. तेव्हाचे जळगाव पुरले होते.

म्हणून माझी एक सूचना आहे, ती साधी आहे आणि तिला अनुदान लागत नाही. आपल्याकडे गावोगाव सार्वजनिक वाचनालये आहेत. १९६७च्या कायद्याने त्यांना सरकारी मान्यता आणि ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग मिळाले. अगदी ‘ड’ वर्गाच्या वाचनालयातही एक कपाट रिकामे करता येईल. त्या कपाटात गावातल्या घरच्या वह्या ठेवाव्यात. आजीने सांगितलेले आणि नातीने लिहिलेले. पेरणीच्या नोंदी, बाळंतिणीचा खुराक, लग्नाचा खर्च, शहरात जाऊन आल्यावरचे टिपण, काहीही. वर्षातून एक दुपार ठरवून त्यांतले चार-पाच उतारे वाचावेत, ज्याच्या त्याच्या बोलीत. हार-तुरे नकोत, पाहुणे नकोत, चहा पुरे.

आणि लिहिणाऱ्यांना एक बँकेतला नियम सांगतो. व्हाउचरवर तारीख, रक्कम आणि सही नसेल तर ते कितीही खरे असले तरी पास होत नाही. वहीतही तसेच करा. तारीख घाला. भाव घाला. सांगणाऱ्याचे नाव घाला. ‘फार छान’, ‘अप्रतिम’ हे शब्द टाळा. त्यांनी नातवाला काही कळणार नाही. मेथीची जुडी केवढ्याला होती हे लिहिले, तर पुष्कळ काही कळेल.

वाचकहो, मोठ्या शहरात जरूर जा. निमित्त नसले तरी जा. तिथली पुस्तके पाहा. दिल्लीला गेलात तर दर्यागंजचा जुना रविवारचा पुस्तकबाजार, जो २०१९ साली फुटपाथवरून महिला हाटात हलवला, तोही पाहून या. आम्ही संमेलनाचा तिसरा दिवस रविवार होता म्हणून सकाळी तिथे डोकावून आलो. पण शहराला पाहताना आपली नजर घरी ठेवून जाऊ नका. आणि परत आल्यावर आपल्या घराकडे त्याच कुतूहलाने पाहा, ज्या कुतूहलाने चांदणी चौकाकडे पाहिलेत.

मुहूर्तही जवळ आहे. उन्हाळा लागला की गच्च्यांवर, अंगणांत बिबडे आणि कुरडया पडतील. ज्वारी कधी भिजवली, घाटा किती वेळ ढवळला, तीळ आणि लसूण केव्हा घातला, आणि बिबडे पडायच्या आधीच वाटीभर गरम घाट्यावर तेल घेऊन खायला कोणकोण पोरे जमली, एवढे लिहून ठेवायला अर्धे पान पुरते. पेन घरात असतेच. सांगणारी माणसे आहेत तोवर लिहून घ्या.